छोट्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज: मराठवाड्यातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात बहुतेक घरांत छोटी गाडी ही पहिली आणि एकुलती एक गाडी असते. शाळेला तीच, दवाखान्याला तीच, लग्नसराईला तीच आणि नवरात्रात तुळजापूरलाही तीच. पेट्रोलचा खर्च थेट किराण्याच्या पैशांतून जातो, म्हणून ‘किती देते?’ हा प्रश्न इथे गंभीरपणे विचारला जातो आणि त्याचं उत्तरही तसंच मिळायला हवं. खालची उत्तरं अल्टो, वॅगनआर, सेलेरिओ, क्विड, टियागो अशा साधारण एक लिटरच्या आसपासच्या पेट्रोल गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. सीएनजीबद्दल शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे.

कंपनी 24-25 सांगते आणि माझी गाडी 17 देते. मला फसवलं का?

नाही. तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीची इंधन चाचणी प्रयोगशाळेत होते. पुण्याची एआरएआय ही त्यातली सगळ्यांत ओळखीची संस्था, म्हणून लोक त्याला ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. तिथे गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करत सुमारे वीस मिनिटं चालवतात. आधी शहरासारखी चाल, तीही 50 च्या आत, आणि मग थोडा वेळ मोकळ्या रस्त्यासारखी. जास्तीत जास्त वेग ताशी 90. एसी बंद. समोरून वारा नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर मामा-मामी नाहीत.

अल्टो के10 मॅन्युअलचा जाहीर आकडा 24.39, सेलेरिओच्या एएमटीचा (क्लचशिवायची, गिअर आपोआप बदलणारी) 26.68. दोन गाड्यांतली कोणती कमी पिते हे ठरवायला हे आकडे उत्तम, कारण दोघींची परीक्षा एकच असते. महिन्याचा खर्च काढायला मात्र ते वापरू नका. आकड्यातून साधारण पाचवा हिस्सा वजा करा आणि गाडी जास्त शहरातच फिरणार असेल तर तिसरा हिस्सा. उरेल त्यावर बजेट बांधा.

मग आपल्याकडे किती मिळालं की गाडी ठीक आहे असं समजायचं?

गाडी ठणठणीत असेल, एसी चालू असेल आणि दोन-तीन माणसं बसली असतील, तर हायवेवर 80 च्या आसपास चालवून 20 ते 22 मिळणं चांगलं. संभाजीनगरात क्रांती चौक ते सिडको या पट्ट्यात संध्याकाळी रोज अडकणाऱ्या गाडीला 13 ते 16 मिळणं स्वाभाविक आहे. आडगावांच्या रस्त्यांवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहते. दर वस्तीला स्पीडब्रेकर, ऊसतोडीच्या हंगामात पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. तिथे 15 ते 17. हे माझे ढोबळ अंदाज आहेत. शेजाऱ्याची गाडी तुमच्याच मॉडेलची असली तरी तो वाळूजला कामाला जातो आणि तुम्ही मोंढ्यात दुकानावर, एवढ्यानेच आकडा बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच गाडीचा गेल्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा आकडा शेजारी ठेवा.

खरं अ‍ॅव्हरेज मोजायचं कसं?

टाकी ते टाकी. दुसरी कोणतीही पद्धत भरवशाची नाही. ‘पाचशेचं टाकलं आणि काटा इथपर्यंत आला’ हा हिशोब तर मुळीच नाही, कारण काटा सरळ रेषेत उतरत नाही. वरचा अर्धा भाग हळू उतरतो आणि खालचा झपाट्याने.

टाकी फुल्ल करा. नोझल पहिल्यांदा ‘टक’ करून बंद पडलं की थांबा. इथेच सगळा घोळ होतो. पंपावरचा पोऱ्या लगेच विचारतो, ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ आणि 1,863 चे 1,900 करायला हळूहळू आणखी पेट्रोल सोडतो. सध्याच्या दराने 37 रुपये म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा. पुढच्या वेळी दुसऱ्या पोऱ्याने पहिल्या ‘टक’वर थांबवलं, की तुमच्या हिशोबात तेवढी तफावत आलीच. शिवाय टाकीत गळ्यापर्यंत पेट्रोल भरणं वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरलाही चांगलं नाही. त्याला आधीच सांगून ठेवा: पहिल्या कटला थांबव, पैसे असतील तेवढे देतो. यूपीआयच्या काळात सुट्ट्यांचा प्रश्नच उरलेला नाही.

मग ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान अर्धी टाकी, जमलं तर पाऊण, संपेपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवा. शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलला, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा पहिल्या ‘टक’पर्यंत भरा. समजा ट्रिप मीटर 412 दाखवतो आणि 21.3 लिटर बसलं, तर 412 भागिले 21.3, म्हणजे 19.3. एका टाकीचा आकडा फसवा असू शकतो. तीन-चार टाक्यांचे किलोमीटर एकत्र आणि लिटर एकत्र करून भागाकार केला की जे येतं ते तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा किंवा मोबाइलमध्ये नोंदवा, पण नोंदवा.

स्क्रीनवर दिसणारं अ‍ॅव्हरेज धरू नये का?

तो गाडीच्या संगणकाचा अंदाज असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा गोड असतो. पण तो चालवताना शिकवतो. पाय कुठे जड पडतो हे त्याच्याकडे पाहून लगेच कळतं. शिकण्यासाठी स्क्रीन वापरा, हिशोबासाठी वही.

हायवेवर कोणत्या वेगाने सगळ्यांत जास्त मिळतं?

छोट्या गाडीला टॉप गिअरमध्ये 60 ते 80. त्याच्या वर गेलं की वारा पैसे मागू लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 ला तो जेवढा, त्याच्या दीडपटीहून जास्त 100 ला आणि सव्वादोनपट 120 ला. लहान गाड्या उभट आणि डबीसारख्या असतात, इंजिन लहान, गिअर आखूड. त्यामुळे 110-120 ला इंजिन ओरडत असतं आणि पेट्रोल भराभर जातं.

समृद्धी महामार्गाने हा प्रश्न मराठवाड्यात नव्याने आणला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि जालना, संभाजीनगरच्या माणसाला पहिल्यांदाच तासन् तास एकाच वेगाने गाडी चालवायला मिळाली. कारसाठी सपाट भागात मर्यादा 120 ची. पण मर्यादा म्हणजे सक्ती नव्हे. त्याच रस्त्यावर 80-85 ला डाव्या लेनमधून चाललेली वॅगनआर चकित करणारा आकडा देते आणि 115 ला दामटली तर तीच गाडी शहरातल्या आकड्याजवळ येते. ‘हायवेवर जाऊनही अ‍ॅव्हरेज वाढलं नाही’ म्हणणाऱ्यांची गाडी बिघडलेली नसते, ती फक्त जोरात चाललेली असते.

वेळेचा हिशोबही करून पाहा. संभाजीनगर ते जालना साधारण 60 किलोमीटर. ताशी 80 ने 45 मिनिटं, ताशी 100 ने 36. या नऊ मिनिटांची किंमत तुमची तुम्ही ठरवा. दवाखान्यात कुणी वाट बघत असेल तर ती मोजूच नये.

घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं ना?

नाही, आणि कृपा करून करू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून रेसवरून पाय काढला, की उतारावर गाडीचा संगणक पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि पेट्रोल जवळपास शून्य जातं. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे ज्याला बचत समजतो तो खर्च निघतो. ही सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे आणि ती वडील-काकांकडून आपल्याकडे आली.

पेट्रोलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. मांजरसुंब्याचा घाट किंवा कन्नडचा औट्रम घाट न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड ढिली पडते. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा.

उन्हाळ्यात एसी लावला की किती फटका बसतो?

शहरात बसतो, आणि चांगला बसतो. एक लिटरच्या इंजिनाला कॉम्प्रेसर ओढणं जड जातं. सिग्नलला उभी असलेली छोटी गाडी नुसतीच तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. दहा-पंधरा टक्के अ‍ॅव्हरेज गेलं तर आश्चर्य नको.

हायवेवर चित्र पालटतं. 70-80 च्या पुढे खिडक्या उघड्या ठेवल्या तर वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. तिथे काच वर करून एसी लावणंच शहाणपणाचं.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-43 ला टेकतो. उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. बसल्या बसल्या एसी फुल्ल करण्यापेक्षा दोन मिनिटं सगळ्या खिडक्या उघडून गाडी हलवा, आतली गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून एसी सुरू करा आणि आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस गाडीत असेल तर पेट्रोलचा विचार बाजूला ठेवून एसी चालवा. आपल्याकडचा उष्माघात हा काही कागदावरचा धोका नाही.

ई20 पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज पडलं हे खरं आहे का?

काही प्रमाणात खरं आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट ई20 वर आलो नाही. मधली काही वर्षं ई10 होतंच, आणि त्याच्याशी तुलना केली तर फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा उरतो. निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात गाडीप्रमाणे वेगवेगळे आकडे मांडले होते: मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 ला जुळवलेल्या चारचाकींना 6-7 टक्के घट, तर ई10 साठी बनवून ई20 ला जुळवलेल्या गाड्यांना 1-2 टक्के.

म्हणजे 19 देणारी गाडी 18 किंवा साडेअठरावर आली तर ई20 कडे बोट दाखवता येईल. 19 ची 14 झाली असेल तर कारण गाडीत किंवा चालवण्यात आहे. इथेनॉलला दोष देत बसलात तर खरा बिघाड तसाच राहील.

एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्या ई20 धरूनच बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या, विशेषतः दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर सर्व्हिसिंगला आवर्जून बघायला सांगा. इथेनॉल पाणी धरतं, म्हणून गाडी महिनोन् महिने गावाकडे उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका. यातलं काही इथेनॉल उसापासून होतं आणि ऊस आपल्याच शिवारात पिकतो, त्यामुळे हा विषय निघाला की आपल्याकडे आवाज चढतात. शेतकऱ्याचा फायदा आणि गाडीमालकाचा खर्च या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

टायरमधल्या हवेने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांसाठी आणि पूर्ण लोडसाठी वेगवेगळा आकडा दिलेला असतो. तोच धरा, पंक्चरवाल्याच्या मनातला ‘35 टाकतो सगळ्यांना’ हा आकडा नको. हवा टायर थंड असताना तपासायची. जालन्याहून तापत आलेल्या टायरचा दाब जास्तच दिसणार. तो बघून हवा काढलीत तर सकाळी टायर बसलेले असतील. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर दुपारी कमी हवेने जाणं हा तर जिवाशी खेळ आहे. पंधरा दिवसांतून एकदा तपासा. स्टेपनी विसरू नका.

पंपावर पेट्रोल कमी देतात असा संशय आहे. काय करू?

भांडण नको, माप मागा. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं आणि ते तुमच्यासमोर भरून दाखवायची मागणी करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतची तफावत नियमात बसते. त्याहून कमी भरलं तर तेल कंपनीकडे आणि वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. तिथे टाळाटाळ झाली तर तो पंप सोडा.

‘पहाटे भरलं की जास्त मिळतं’ यात तथ्य नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

गाडीचं अ‍ॅव्हरेज एकाएकी पडलं. कुठून सुरुवात करू?

आधी स्वतःला विचारा, गेल्या महिन्यात वापर बदलला का? शाळा सुरू झाली, रस्ता खोदला, नवा माणूस चालवायला लागला, कॅरिअर बसवला? बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

वापर तोच असेल तर मग ब्रेक बघा. दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक मारत गाडी चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताचा पंजा न्या. टेकवू नका, भाजेल. तीन चाकं कोमट आणि एक झळा मारतंय, शिवाय जळका वास येतोय, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. काळ्या मातीच्या चिखलातून आणि धुळीतून फिरणाऱ्या गाड्यांत हे सर्रास होतं: पिना गंजतात, धूळ बसते, पॅड चिकटून राहतात. सपाट जागेवर न्यूट्रल करून एका माणसाने ढकलली तर छोटी गाडी सहज हलली पाहिजे, तीही खूण आहे.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, स्पार्क प्लग, ऑक्सिजन सेन्सर, उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट. इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या, अंदाजाने पार्ट बदलू देऊ नका. एअर फिल्टर आपल्याकडच्या धुळीत लवकर भरतो आणि बदलायलाच हवा, पण इंजेक्शनच्या गाडीत त्याने पिकअप जास्त मरतो, अ‍ॅव्हरेज तेवढं नाही. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं टाका. ‘आपल्याकडे गरम असतं, जाड ऑइल टाकू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणा.

पेट्रोलमध्ये टाकायची औषधं, चुंबक, महागडं पेट्रोल?

पैसे वाया. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचा फायदा त्यासाठी बनलेल्या इंजिनाला होतो, साध्या एक लिटरच्या गाडीला नाही.

गाडी गावातल्या गावातच फिरते, तरी एवढं कमी का?

गावातल्या गावात फिरते म्हणूनच. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते गरम होण्याआधीच गाडी बंद होते. डिसेंबरात परभणीची थंडी राज्यात गाजते, त्या दिवसांत हे आणखी जाणवतं. उभ्या गाडीत पाच मिनिटं इंजिन तापवत बसू नका; अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिला किलोमीटर हळू चालवा. भाजी, औषधं, मुलांची शिकवणी अशा फेऱ्या एकत्र करता आल्या तर करा.

सीएनजी किट बसवलं तर?

कंपनीची सीएनजी गाडी 33-34 देते म्हणतात तेव्हा ते एका किलोला. एक किलो सीएनजीत साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, त्यामुळे 34 आणि 24 ची सरळ तुलना करू नका. एका किलोमीटरला किती रुपये लागले ते काढा. फायदा निघतोच, पण रोजचं अंतर मोठं असेल तर. तुमच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पंप आहे का आणि तिथे रांग किती असते, हे आधी स्वतः जाऊन बघा. डिकी जाते, हेही घरच्यांना विचारून घ्या.

अ‍ॅव्हरेज दोन-तीनने वाढवण्यासाठी एवढी खटपट परवडते का?

आता किती मिळतं त्यावर आहे. महिन्याला 1,000 किलोमीटर धरा. 12 वरून 15 वर गेलात तर महिन्याला साडेसोळा लिटर वाचतात. 20 वरून 23 वर गेलात तर साडेसहाच. वाढ दोन्हीकडे तीनचीच, पण बचत अडीचपट वेगळी. म्हणून शहरात अडकणारी, कमी देणारी गाडी सुधारणं जास्त फायद्याचं. आपल्या भागाला हे जास्त लागू, कारण मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोपासून अंतर लांब असल्याने परभणीसारख्या ठिकाणी पेट्रोल राज्यात नेहमीच महागड्या दरांत मोडतं.

जुनी गाडी घेतोय. मालक ‘बावीस देते’ म्हणतो. कसं तपासू?

त्याच्या शब्दावर घेऊ नका आणि त्याच्यावर संशयही घेऊ नका, त्यालाही बहुधा माहीत नसतं. पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या आणि गाडी अर्ध्या दिवसासाठी मागा. पहिल्या ‘टक’पर्यंत टाकी भरा, 60-70 किलोमीटर हायवेवर 80 ने जाऊन परत या आणि त्याच नोझलला पुन्हा भरा. टायर मूळ मापाचेच आहेत ना ते आधी पाहा. मोठे टायर बसवले असतील तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो. परत आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघा आणि सायलेन्सरच्या तोंडाला आतून बोट लावा, पण थंड झाल्यावर. कोरडी करडी राख ठीक. तेलकट काळा थर लागला तर इंजिन ऑइल पितंय. मग अ‍ॅव्हरेज कितीही आलं तरी आधी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा, किमतीचं बोलणं नंतर.